पिकअपला पिकअपच नाही, त्याचं काय?

“भाऊ, पिकअप घ्यायचीय. गॅसवरची घेऊ का डिझेल?”

या सीझनला हा मेसेज मला कितव्यांदा आला, मोजायचं सोडून दिलंय. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. पूर्ण वाचा, मग शिव्या घाला.

माझ्याकडे दोन्ही आहेत, हे आधी सांगतो. एक गॅसवरची, एक डिझेलची. त्यामुळे मी कुणाचा वकील नाही. गॅसवाली वाई-सातारा-पुणे फिरते, किराणा आणि बेकरीचा माल टाकते, मी खूश आहे तिच्यावर. डिझेलवाली पाचगणी-महाबळेश्वर करते. या दोघींची अदलाबदल मी एकदा करून पाहिली होती. दुसऱ्यांदा केली नाही.

आता गोष्ट सांगतो. आमच्या आळीत एक मंडपवाला पोरगा आहे. नाव लिहीत नाही, आधीच बिचाऱ्याला लोक चिडवतात. मांडव, खुर्च्या, लाइट आणि चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं जनरेटर असा त्याचा धंदा. पूर्वी भाड्याचा ट्रॅक्टर करायचा, मग स्वतःची पिकअप घेतली. शोरूममध्ये सेल्समननं कॅल्क्युलेटर काढून दाखवलं, गॅसवर महिन्याला इतके वाचतात, पाच वर्षांत गाडी फुकट. पोरानं विचारलं होतं, “मागं जनरेटर ओढंल ना?” उत्तर मिळालं, “आरामात.” बस्स. आरामात!

लग्नसराईत पाचगणीची ऑर्डर होती. हौद्यात मांडवाचं सामान, मागे हुकाला जनरेटरची ट्रॉली. रात्री पसरणी घाटात, हॅरिसन फॉलीच्या अलीकडच्या वळणावर गाडीनं मान टाकली. पहिल्या गिअरलाही जाईना. पोरानं पेट्रोलवर टाकली, रेस दिली, क्लचचा जळका वास आला आणि गाडी मागं यायला लागली. ट्रॉली आडवी झाली. मागे पर्यटकांची एक कार होती, आत बायकापोरं. हेल्परनं उडी मारून ट्रॉलीच्या चाकामागं दगड सारला म्हणून थांबलं. दगड मिळाला नसता तर? दुसऱ्या दिवशीचं लग्न राहिलं बाजूला, पेपरात बातमी आली असती, आणि खाली नेहमीचं वाक्य, “चालकाचे नियंत्रण सुटले.”

मला रात्री फोन आला. माझी डिझेलवाली घेऊन गेलो, ट्रॉली माझ्या हुकाला लावली आणि त्याची गाडी हलकी करून वर काढली. पोरगा वरती गेल्यावर पायरीवर बसला आणि म्हणाला, “भाऊ, अजून साडेतीन वर्षं हप्ते हायेत.”

ही पोस्ट त्या साडेतीन वर्षांबद्दल आहे.

आधी गाडीचं बोलू. आपल्याकडे ड्रायव्हर लोक म्हणतात, “गाडीला ओढ नाय.” ही ओढ कागदावर न्यूटन मीटरमध्ये लिहिलेली असते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन छोट्या पिकअप घ्या. गॅसवर चालणारीची ओढ ९५ च्या आसपास आणि डिझेलवालीची २२०. दुपटीच्या वर फरक! आणि हे दोन्ही आकडे कॅटलॉगमध्ये छापलेले असतात, कुणी लपवत नाही. फक्त सेल्समन ते पान उलटत नाही, आणि आपण विचारत नाही. आपण विचारतो अ‍ॅव्हरेज.

हे असं का होतं? गॅस इंजिनात जाताना हवेचीच जागा अडवतो. हवा कमी म्हणजे जाळ कमी. तीच गाडी पेट्रोलवर थोडी जास्त ओढते, ती याचमुळे. डिझेलला टर्बो असतो, तो हवा दाबून आत भरतो, म्हणून कमी फेऱ्यांवरही ताकद मिळते. चढावर, वळणावर, बंद पडलेली गाडी लोडसकट पुन्हा उचलताना नेमकी हीच ताकद लागते. त्यात वाई साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणी १,३०० च्या जवळ. वर हवा विरळ. बिनटर्बोचं इंजिन हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद सोडतं. बहुतेक छोट्या गॅस पिकअपला टर्बो नसतोच. म्हणजे घाट चढता चढता गाडी आणखी अशक्त होत जाते, आणि मागची ट्रॉली काही हलकी होत नाही.

आता यूट्यूबवाल्यांकडे येतो. परवा एकानं मला अमेरिकेतला व्हिडिओ पाठवला. भलीमोठी पिकअप, मागे घराएवढी ट्रॉली, खाली लिहिलेलं, गॅस विरुद्ध डिझेल. “बघा भाऊ, गॅसवालीपण ओढतेय!” अरे बाबांनो, तिकडे गॅस म्हणजे गॅसोलीन, आपलं पेट्रोल. आपला सिलिंडरातला गॅस नव्हे. ते पाच-सहा लिटरचं पेट्रोल इंजिन आणि आपलं सव्वा लिटरचं, तुलना कसली करता?

पण त्याच अमेरिकेतून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे, ती कुणी फॉरवर्ड करत नाही. तिकडे पिकअप मागे किती ओढू शकते हा आकडा कंपनी छापते, आणि तो मोजायची ठरलेली पद्धत आहे. अ‍ॅरिझोना राज्यात डेव्हिस डॅमजवळ एक चढ आहे, साधारण १८ किलोमीटरचा. ट्रॉली जोडून, उन्हाळ्याच्या तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या वेगाच्या खाली न येता गाडीनं तो चढ चढला पाहिजे. तरच तो आकडा छापायचा. तिथल्या बहुतेक मोठ्या कंपन्या ही पद्धत मानतात. तिथंही गॅस का डिझेल यावर लोक भांडतात, पण हातात आकडा घेऊन भांडतात.

आपल्याकडे? कॅटलॉगमध्ये चढण्याची क्षमता टक्क्यांत दिलेली असते. म्हणजे इतक्या तिरप्या चढावर गाडी निघेल. मागे टनभर ट्रॉली लावली तर निघेल का, गॅसवर निघेल का पेट्रोलवर टाकावी लागेल, बारा किलोमीटर सलग चढल्यावर क्लचचं काय होईल, यातलं काहीही नाही. गाड्या तपासून पास करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. तिथून खंबाटकी घाट फार लांब नाही. साताऱ्याकडे येताना हजारो लोडगाड्या तो चढत आल्यात. अमेरिकेला वाळवंटातला चढ सापडला, आपल्याला दारातला खंबाटकी दिसत नाही?

आता पैशाचं. कारण गॅस घेणारा प्रत्येक जण पैशासाठीच घेतो, त्यात चूक काही नाही.

माझ्या वहीतले आकडे देतो. सपाटीला लोडसकट गॅसवाली किलोला १६ किलोमीटर देते, डिझेलवाली लिटरला १३. घाटात मागे ट्रॉली असली की दोन्ही ९ वर येतात. हिशेब सोपा जावा म्हणून दोन्हींचा दर ९० रुपये धरतो. तुमच्याकडचा दर टाकून तुम्ही करून बघा. महिन्याला १,५०० किलोमीटर, त्यातले १,००० सपाटीचे आणि ५०० घाटातले. सपाटीला गॅसवर साधारण तेराशे रुपये वाचतात. घाटात वाचतात शून्य. उलट चढाला पेट्रोलवर टाकली की तेराशेतलेच कमी होतात.

एवढ्या फिरण्याला ११८ किलो गॅस लागतो. सिलिंडरवर नऊ-दहा किलो लिहिलं असलं तरी तेवढा कधी भरतो? “प्रेशर नाय” हे वाक्य गॅसवाल्यांच्या कपाळावर गोंदलंय. आठ किलो मिळाला तरी खुशी. म्हणजे महिन्यात पंधरा वेळा रांग. एका रांगेला एक तास धरा, मी कमीच धरतोय. पंधरा तास म्हणजे दोन दिवसांचा धंदा. तेराशे रुपयांसाठी दोन दिवस पंपावर उभं राहायचं! ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याचा दोन दिवसांचा पगारच तेवढा होतो.

आणि प्रेशर का नसतं? कारण आडबाजूच्या बऱ्याच पंपांना पाइपलाइनच नसते. मोठ्या स्टेशनवरून टाक्यांनी भरलेला ट्रक येतो, तो रिकामा झाला की पुढचा येईपर्यंत बसा. सिलिंडर भरायला २०० बारपर्यंत दाब लागतो, ट्रकातला गॅस संपत आला की तेवढा मिळत नाही. पंपावरच्या पोराला शिव्या देऊन काय उपयोग? त्याच्या हातात फक्त नळी आहे. बरं, पाइपलाइनवाले तरी सुखी आहेत का? नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत आरसीएफच्या आवारात मुख्य पाइपलाइनला इजा झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या पंपांवर गॅसचे हाल झाले. रिक्षा-टॅक्सीवाले रांगेत रात्र काढत होते. एका जागी नळी फुटली की लाखोंचं पोट अडतं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहिली. गाडीचा हप्ता पाच वर्षांचा असतो. पण गॅस स्वस्त राहील ही हमी किती दिवसांची असते?

१ एप्रिल २०२२ ला राज्य सरकारनं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. चांगला निर्णय होता, मी तेव्हा टाळ्या वाजवल्या. मुंबईत दर किलोला ६० रुपये झाला. त्याच दिवशी केंद्रानं देशी गॅसचा दर २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर केला. ऑगस्ट उजाडेपर्यंत मुंबईतला दर ८६! व्हॅटमधून जे दिलं ते चार महिन्यांत कित्येक पटीनं गेलं. एप्रिलमध्ये ६० चा बोर्ड बघून ज्यानं गाडी बुक केली, त्याला ऑगस्टमध्ये कोण जाब देणार होतं? २०२३ मध्ये सूत्र बदललं, वरची मर्यादा घातली, दर थोडे उतरले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरांच्या गॅस कंपन्यांचा स्वस्त देशी गॅसचा वाटा कापला, पुन्हा दर चढले.

राज्याचं बघा. जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. कशासाठी? मुंबई महानगर भागात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक ठेवता येतील का, हे बघायला. म्हणजे गॅस घ्या. मार्चमध्ये अर्थसंकल्प आला, त्यात खासगी सीएनजी गाड्यांवरचा कर एक टक्क्यानं वाढवला. म्हणजे गॅस घेतलात, आता भरा. आणि आपल्या साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या सात टक्के एकरकमी कर लावला. पाच-सहा हजार जवळ नसलेला पोरगा डाउन पेमेंटला आईचे दागिने ठेवतो, त्याला सात टक्के एकदम!

मी अर्थतज्ज्ञ नाही. जगात दर चढतात उतरतात, हे मलाही कळतं. माझं म्हणणं एवढंच की सरकार जेव्हा एखाद्या इंधनाकडे बोट दाखवून “इकडे या” म्हणतं, तेव्हा त्याच्या शब्दावर पाच वर्षांचं कर्ज काढणाऱ्या माणसाचं काही देणं लागतं. दर खाली ठेवा असं मी म्हणत नाही. पण कर आणि देशी गॅसचा वाटा यात पाच वर्षांचं धोरण आधी जाहीर करा. कर्जाला मुदत असते तशी आश्वासनालाही असू दे.

आता कॉमेंटमध्ये येणारच, “डिझेलचा धूर, पोरांचे फुफ्फुस.” बरोबर आहे. डिझेलचा धूर कॅन्सरला कारण ठरतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच सांगितलंय. दिल्लीत बस गॅसवर नेल्या त्या उगीच नाही. म्हणूनच माझी शहरात फिरणारी गाडी गॅसवर आहे. शाळेच्या दारात, बाजारपेठेत दिवसाला वीस वेळा थांबणाऱ्या गाडीला डिझेल नकोच. शिवाय नव्या डिझेल गाड्यांचा काजळी अडवणारा फिल्टर छोट्या छोट्या फेऱ्यांत तुंबतो आणि मग वर्कशॉपचं बिल बघून तुमचाच श्वास अडकतो. शहरापुरतं मी तुमच्याच बाजूला आहे.

पण स्वच्छ हवेचं बिल घाटात लोड ओढणाऱ्यानं एकट्यानं का भरायचं? आणि एक गंमत बघा. तो मंडपवाला गॅसवरची गाडी घेऊन पर्यावरण वाचवत होता, आणि मागे ओढत काय होता? डिझेलचं जनरेटर. वर पाचगणीत हॉलमध्ये लाइटची खात्री नाही म्हणून. ज्याला हवा स्वच्छ करायचीय त्यानं आधी लग्नाच्या हॉलला अखंड वीज द्यावी, ते जनरेटरच बंद होईल.

आता आपली चूक. हे लिहिलं नाही तर पोस्ट खोटी ठरेल. ती ट्रॉली गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेली. ब्रेक नाही, मागे लाइट नाही, आरटीओची नोंदणी नाही. ट्रॉलीचीही नोंदणी लागते हे अर्ध्या मंडपवाल्यांना माहीत नाही आणि उरलेल्या अर्ध्यांना माहीत असून सोयीचं नाही. हौद्यात पासिंगपेक्षा जास्त माल होता. ओव्हरलोडला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, हे कायद्यात आहे. डिझेल घेतलं म्हणून हे पाप धुतलं जात नाही. डिझेलवाली वर चढवेल हो, पण बिनब्रेकची ट्रॉली उतरताना ढकलायला लागली की तिथं इंधन कामाला येत नाही. जास्त ओढणाऱ्या गाडीनं जास्त मोठी चूकही ओढली जाते. मी त्या पोराला हे तोंडावर सांगितलंय, तो रागावला, मग त्यानं ट्रॉलीला ब्रेक बसवून घेतले.

तर ज्यांनी मेसेज केले त्यांना उत्तर. सपाटीला, शहरात, रोजच्या ठरलेल्या रूटवर, हौद्यातच माल आणि पाइपलाइनचा पंप जवळ असेल तर डोळे झाकून गॅस घ्या. स्ट्रॉबेरी वरून खाली आणणाऱ्यांनीही घ्या, तुमचं लोड उतारालाच असतं. घाट चढून माल न्यायचा असेल किंवा हुकाला काहीही लावणार असाल तर डिझेल घ्या, आणि लोक काय म्हणतात ते ऐकू नका. घ्यायच्या आधी शोरूमवाल्याला एवढंच सांगा, “टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर नको. माझं लोड भरतो, माझी ट्रॉली लावतो, पसरणी चढवून दाखव. गॅसवर.” तयार झाला तर गाडी चांगली. कारणं सांगायला लागला तर उत्तर मिळालं.

आपल्या भागातल्या आमदार-खासदारांना, ते ही पोस्ट वाचत असतील तर, तीनच गोष्टी सांगायच्यात. गाडी लोड आणि ट्रॉलीसकट घाट किती वेगानं चढते, गॅसवर किती आणि डिझेलवर किती, हे छापायची सक्ती करायला केंद्राकडे मागणी करा. हायवेच्या गॅस पंपांवर मालवाहू गाड्यांना वेगळी रांग द्या. आणि एकरकमी सात टक्के हप्त्यानं भरायची सोय करा. यातलं काहीही चंद्रावरचं नाही.

मंडपवाला पोरगा आता पाचगणीची ऑर्डर असली की माझी डिझेलवाली नेतो आणि मी त्याची गॅसवाली सातारला पाठवतो. भाडं कुणी कुणाला देत नाही. पण तालुक्यातल्या प्रत्येक पोराला असा शेजारी मिळणार नाही. त्यांच्यापर्यंत पोस्ट पोचवा. आणि घाटात गॅसवर ट्रॉली ओढणारे कुणी असाल, तर गाडी, लोड आणि घाटाचं नाव कॉमेंटमध्ये टाका. कंपनी छापत नाही तो तक्ता आपणच करू.